उजवीकडचा वेगळा सूर : विदर्भावरच्या माहितीपटाच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२४

विषयाची हद्द आज पक्की केली. हा विदर्भ चळवळीचा इतिहास नाही. तसा केला तर जांबुवंतराव धोटे निम्मी लांबी घेऊन जातील आणि ते रास्तही ठरेल. पण धोटे १९७१ मध्ये नागपुरातून लोकसभेत गेले ते डाव्या फॉरवर्ड ब्लॉकचे म्हणून. आपला विषय आहे उजव्या घरातलं भांडण. त्यात तीन धागे घ्यायचे.

पहिला, संघ-भाजपच्या परिघातले छोट्या राज्यांचे समर्थक. दुसरा, शरद जोशींनी काढलेल्या शेतकरी संघटनेचे आणि स्वतंत्र भारत पक्षाचे खुल्या बाजाराचे लोक. हे सरकारवर टीका करतात ती उजवीकडून : निर्यातबंदी नको, साठामर्यादा नको, जमीनधारणेवर कमाल मर्यादा नको. तिसरा, एकात्म राज्यरचनेवर श्रद्धा असलेले, ज्यांना राज्यांचे आणखी तुकडे मूळ विचाराशीच विसंगत वाटतात. गोळवलकर गुरुजींचा भाषावार प्रांतरचनेला विरोध होता. तो धागा नागपुरात अजून जिवंत आहे.

जे पक्ष सोडून थेट समोरच्या छावणीत गेले आणि तिथलीच भाषा बोलू लागले, ते या माहितीपटात नाहीत. असहमती ही घरात राहून किंवा घराच्या उंबऱ्यावरून व्हायला हवी.

लांबी ५० ते ५५ मिनिटं. ७२ मिनिटांच्या आत राहिलं की प्रमाणपत्राच्या लेखी तो लघुपट. निवेदन ठेवायचं नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसावर पुणेरी आवाजातलं निवेदन चढवलं की शहाणा कोण हे प्रेक्षकाला न सांगता सांगून होतं. माहिती पाटीवर येईल, एका पाटीवर जास्तीत जास्त वीस शब्द.

२५ जानेवारी

कालरेषेचं टाचण. प्रत्येक नोंदीसमोर मूळ कागद कुठला हे लिहायचं. कागद नसेल तर नोंद पाटीवर जाणार नाही, मुलाखतीतल्या माणसाच्या तोंडीच राहील.

वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे १८५३ मध्ये, कायमचा पट्टा १९०२, मध्यप्रांताला जोडणी १९०३. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाचा महाविदर्भाचा ठराव १ ऑक्टोबर १९३८. अकोला करार ८ ऑगस्ट १९४७. नागपूर करार (विदर्भाने एका मराठी राज्यात यावं म्हणून नेत्यांनी दिलेल्या हमींचा) २८ सप्टेंबर १९५३. फाजल अली आयोगाची (राज्य पुनर्रचना आयोग) स्वतंत्र विदर्भाची शिफारस १९५५. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य आणि नागपूरचं राजधानीपण संपलं. १ मे १९६०.

इथे एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत उलटी सांगितली जाणार, म्हणून आधीच लिहून ठेवतो. नागपूर करार हा राजकीय करार होता, कायदा नव्हे. वैधानिक आधार आहे तो संविधानाच्या कलम ३७१(२) चा, आणि तो १९५६ च्या सातव्या दुरुस्तीतून आला. त्यावर उभी राहिलेली विकास मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ‘करार मोडला’ आणि ‘मंडळाला मुदतवाढ दिली नाही’ हे दोन वेगळे आरोप आहेत. संकलनात ते एकाखाली एक ठेवायचे, एकात एक मिसळायचे नाहीत.

उजव्या धाग्याच्या तारखा वेगळ्या रंगात : भाजपच्या राष्ट्रीय कार्यकारिणीचा भुवनेश्वरचा, स्वतंत्र विदर्भाच्या बाजूचा ठराव १९९७. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड, उत्तरांचल, झारखंड झाले, विदर्भ झाला नाही. मित्रपक्ष शिवसेनेचा विरोध उघड होता. बनवारीलाल पुरोहित १९९६ चे भाजपचे नागपूरचे खासदार. पुढे पक्ष सोडला, विदर्भ राज्य पक्ष काढला आणि २००९ ची लोकसभा पुन्हा भाजपकडून लढवली. काटोलचे भाजप आमदार आशिष देशमुख यांचा राजीनामा ऑक्टोबर २०१८, भाजपमध्ये परत २०२३. बाहेर जाणं आणि परत येणं हा इथला नमुनाच आहे. प्रश्नावलीत ‘परत का गेलात’ हा प्रश्न हवाच.

संघाचे ज्येष्ठ विचारवंत मा. गो. वैद्यांनी २०१६ मध्ये महाराष्ट्राची चार राज्यं करावीत असं जाहीरपणे म्हटलं. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये चारच भाग सुचवले होते. हे दोन कागद पडद्यावर शेजारी शेजारी आले तर पाटीची गरजच नाही.

९ फेब्रुवारी

जुन्या साहित्याचे हक्क. छायाचित्राचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६३ पर्यंत छापून आलेली छायाचित्रं आज मोकळी आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या काळातली बरीचशी यात बसतात, धोट्यांच्या काळातली बसत नाहीत. लिखाणाचा हिशेब वेगळा : लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. विदर्भवादी नेते लोकनायक बापूजी अणे गेले २६ जानेवारी १९६८ ला, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. दोन-तीन ओळींचं उद्धरण चर्चेसाठी चालतं. पूर्ण पान वाचून दाखवायचं तर वारसांची परवानगी घ्यायची.

जाहीर भाषणात गफलत होते. भाषणाच्या मजकुराचा पहिला हक्क बोलणाऱ्याचा (कलम १७(सीसी)), ध्वनिचित्रफितीचा हक्क ती घेणाऱ्याचा. वाहिनीकडून क्लिप विकत घेतली म्हणजे दोन्ही मिळाले असं नाही. विधिमंडळापुढे ठेवलेले आयोगांचे अहवाल आणि राजपत्र मात्र छापता-दाखवता येतात, म्हणून फाजल अली आयोगाची आणि विभागांचा अनुशेष (विकासातली तूट) मोजणाऱ्या दांडेकर समितीची पानं पडद्यावर मोकळेपणाने वापरायची.

स्कॅन ६०० डीपीआय, टिफ. वृत्तपत्राचा अंक बांधीव असेल तर सपाट स्कॅनरवर दाबायचा नाही, कणा फुटतो. वरून कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे, आणि मागच्या पानाची छपाई झिरपू नये म्हणून पानाखाली काळा कागद. हा काळा कागद लोक विसरतात आणि मग रंगसुधारणेत तासन्‌तास घालवतात.

२१ फेब्रुवारी

उपकरणांची चाचणी. २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट फडफडत नाही. स्वस्तातले एलईडी बल्ब मात्र व्होल्टेज पडलं की तरीही पट्टे सोडतात. ग्रामपंचायतीच्या खोलीत असा बल्ब दिसला की तो काढून आपला लावायचा. सोबत पिन आणि स्क्रू दोन्ही होल्डरचे बल्ब ठेवायचे.

आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची उंची उणे १२ डेसिबलच्या आसपास. कॉलर माइक आणि बूम दोन्ही, वेगवेगळ्या ट्रॅकवर. वऱ्हाडी माणूस बोलता बोलता छातीवर हात आपटतो. तेव्हा कॉलर माइकचा ट्रॅक गेलाच, बूमच वाचवतो. शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावलेले कार्यकर्ते असतील तर माइक बिल्ल्याच्या दुसऱ्या बाजूला. पत्रा घासला की येणारा आवाज कुठल्याही गाळणीने जात नाही.

जिनिंगचं (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीचं) चित्रीकरण याच महिन्यात उरकायचं. हंगाम संपला की यंत्रं बंद, आणि बंद जिनिंगमध्ये कापसावर बोलणारा माणूस उगाच करुण दिसतो. जिनिंगमध्ये मुलाखत घ्यायची नाही, फक्त दृश्यं आणि नुसत्या आवाजाची दोन मिनिटं.

११ मार्च

प्रश्नावलीचा अंतिम खर्डा. राजकीय माणूस भाषण तयार ठेवून येतो. ‘विदर्भावर अन्याय झाला का’ असं विचारलं की अनुशेषाची कॅसेट सुरू होते. म्हणून पहिले चार प्रश्न निर्णयाचे :

पक्षाच्या किंवा संघटनेच्या नेमक्या कुठल्या निर्णयाला तुमचा विरोध होता, आणि तो कधीचा?
विरोध कुठे नोंदवला : बैठकीत, पत्रात, सभागृहात की चहाच्या टपरीवर?
त्यापायी काय गेलं : तिकीट, पद, ओळखी?
ज्यांनी विरोध केला नाही त्यांचा युक्तिवाद तुम्ही त्यांच्याच तोंडून सांगितल्यासारखा सांगा.

चौथा प्रश्न सर्वांत उपयोगी. ज्याला समोरच्याचं म्हणणं नीट मांडता येतं त्याची असहमती विचारातून आलेली असते. ज्याला येत नाही त्याची बहुधा तिकिटातून.

पाचवा प्रश्न पैशाचा : राज्य चालणार कशावर? कोळसा, वीज, मँगनीज, जंगल ही यादी सगळेच देतात. यादीनंतर थांबायचं नाही. पगार आणि निवृत्तिवेतनाचा बोजा वाटणीला येईल त्याचं काय, हे विचारायचं. कलम ३ प्रमाणे राज्यनिर्मितीला संसदेतलं साधं बहुमत पुरतं आणि विधानसभेचं फक्त मत मागवलं जातं, तिची संमती लागत नाही. त्यामुळे ‘मुंबई अडवते’ हे कारण दिलं गेलं तर २०१४ ते २०१९ या काळाबद्दल उलट प्रश्न यायला हवा : केंद्रात तोच पक्ष, मुख्यमंत्री नागपूरचे.

भाषेबद्दल. कॅमेरा सुरू झाला की माणूस ‘मले, तुले’ सोडून ‘मला, तुला’वर येतो. आपण ‘वऱ्हाडीत बोला’ सांगितलं तर नाटकी वऱ्हाडी येतं, ते त्याहून वाईट. उपाय : प्रश्न विचारणारा त्याच पट्ट्यातला हवा, आणि सुरुवात पिकापाण्यापासून. ‘औंदा कापूस कसा काय?’ एवढ्यावर पहिली दहा मिनिटं द्यायची. झाडीपट्टीत हे वऱ्हाडी चालणार नाही. भंडारा, गडचिरोलीकडे झाडी बोली येणारा माणूस न्यायचा.

१७ मार्च

काल लोकसभेची आचारसंहिता लागली. विदर्भात मतदान १९ आणि २६ एप्रिलला. तोवर पदावरचा कोणीही मोकळं बोलणार नाही, आणि बोललाच तर ते तिकिटाबद्दल असेल. मुलाखती मे महिन्यावर ढकलल्या. सभांची, भिंतींची, फलकांची दृश्यं तेवढी आता.

भरारी पथकं गाड्या तपासतात. पन्नास हजारांवर रोकड असेल आणि कागद नसतील तर ती अडकते. गाडीभाडं, जेवण, स्थानिक मदतनीस यांचे पैसे यूपीआयने. रोख लागलीच तर बँकेतून काढल्याची पावती आणि कामाचं पत्र सोबत. कॅमेऱ्याची बिलंही गाडीत ठेवायची.

एका उमेदवाराच्या गाडीतून प्रवास करायचा नाही. जागा आहे, डिझेल वाचतं, सगळं खरं. पण तो खर्च त्याच्या नावावर जातो आणि दृश्यं आपल्या नावावर राहत नाहीत.

२० मार्च

कालचा अन्नत्याग. १९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने केलेल्या सामूहिक आत्महत्येची आठवण म्हणून किसानपुत्र आंदोलन हा दिवस पाळतं. त्यांची मागणी कर्जमाफीची नसून कायदे रद्द करण्याची : कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू, जमीन अधिग्रहण. प्रेक्षकाला उपोषण दिसतं तेव्हा तो मागणी गृहीत धरतो, म्हणून मागणीची पाटी उपोषणाच्या दृश्याच्या आधी यायला हवी. कुटुंबाचं छायाचित्र, घर, पुनर्निर्मित दृश्य यातलं काहीही घ्यायचं नाही.

२ मे

काल महाराष्ट्र दिन. विदर्भवाद्यांचा काळा दिवस. एकाच सकाळी सरकारी ध्वजवंदन आणि काळे झेंडे, दोन्हीकडे कॅमेरा. दोन्ही दृश्यांना सारखंच भिंग, सारखंच अंतर. एकाला दुरून आणि एकाला जवळून घेतलं की पक्ष घेतला गेला.

उन्हाबद्दल. अकोल्यात पारा ४४ च्या वर गेला की ४-के चित्रीकरण करणारा छोटा कॅमेरा मध्येच बंद पडतो. मागचा पडदा उघडून अंगापासून दूर ठेवायचा, वर पांढरं कापड, दोन टेकच्या मध्ये पूर्ण बंद. लिथियम बॅटरी ४५ अंशांवर चार्ज करायची नाही. चार्जिंग रात्री, गाडीत अजिबात नाही.

पण खरा वैरी डेझर्ट कूलर. मोटरीची गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास, त्यावर पंख्याच्या हवेचा पसरट आवाज. गुणगुण कापता येते, हवा कापायला गेलं की बोलणाराही विहिरीतून बोलल्यासारखा होतो. सत्तरीच्या माणसाला मे महिन्यात कूलर बंद करून बसवणं बरोबर नाही. मुलाखती सकाळी साडेसहा ते नऊ. त्यानंतर झालीच तर पंधरा मिनिटं बंद, पंधरा मिनिटं चालू, आणि चालू असताना फक्त हातांची, कागदांची, अंगणाची दृश्यं. कूलर बंद केलेल्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर नोंदवायची. संकलनात वाक्यांच्या फटी भरायला तीच लागते.

खर्रा. बहुतेक मुलाखतींत तोंडात किंवा हातात आहेच. पडद्यावर तंबाखू दिसली की खाली स्थिर इशारा, शिवाय सुरुवातीला आणि मध्ये तीस-तीस सेकंदांच्या आरोग्यचित्रफिती असं नियम सांगतो. ५२ मिनिटांच्या माहितीपटात हे परवडत नाही. मुलाखतीआधी विनंती करायची, आणि पन्नीतली घोटाई फ्रेमबाहेर. गाव खोटं दिसतं अशी तक्रार येईल. येऊ द्या.

६ मे

कांद्याची निर्यातबंदी ४ मे ला उठली; त्याबदल्यात टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क. डिसेंबर २०२३ पासून सरकारवर सर्वांत कडक उजवी टीका याच मुद्द्यावर होती. मार्चमधल्या सभांत ‘बंदी उठवा’ म्हणणारी वाक्यं आता शिळी वाटतील. ती काढायची नाहीत, पण यापुढे प्रत्येक राजकीय विधानाखाली महिना आणि वर्ष येणार. बाजूला ‘नंतर बंदी उठली’ अशी पाटी लावायची नाही. शुल्काचा आकडा पुढच्या मुलाखतीत आपोआप येतो.

११ जून

शरद जोशींचा भाग. इथे सामग्री भरपूर आहे आणि म्हणूनच धोका आहे. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा ऐकली की नवा प्रेक्षक त्यांना डाव्या रांगेत बसवतो. तीन कागद त्या रांगेतून त्यांना बाहेर काढतात. पहिला : पक्षनोंदणीसाठी समाजवादाशी निष्ठा सांगायला लावणारं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ, आणि त्याविरुद्धचं त्यांचं राज्यसभेतलं खासगी विधेयक. दुसरा : ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावरचं मतदान, १८६ विरुद्ध १. तो एक म्हणजे जोशी. तिसरा : १९८६ चं चांदवडचं महिला अधिवेशन आणि बायकांच्या नावावर जमीन करणारी लक्ष्मीमुक्ती. दुसरा आणि तिसरा कागद लागोपाठ, मध्ये काहीही न घालता. अर्थ लावायचं काम प्रेक्षकाचं.

जोशी विदर्भाचे नव्हेत, मग विदर्भाच्या माहितीपटात ते कशाला, हा प्रश्न रफ कट बघणारा प्रत्येक जण विचारणार. उत्तर कापसात आहे. १९७२ च्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत शेतकऱ्याला राज्याबाहेर कापूस विकायची बंदी होती. सातारच्या उसाला जी राज्याची सीमा कधी टोचली नाही ती यवतमाळच्या, अकोल्याच्या कापसाला टोचली. पलीकडे मध्य प्रदेश आणि आंध्र. सीमा म्हणजे मुंबईने घातलेलं कुंपण, ही भावना आणि खुल्या बाजाराचा युक्तिवाद या एकाच जागी एकमेकांत शिरतात. पुढे राजुऱ्याचे आमदार राहिलेले वामनराव चटप एकाच वेळी शेतकरी संघटनेचे आणि विदर्भ राज्य आंदोलन समितीचे नेते असतात, ते यामुळेच. माहितीपटाचा मणका हाच. पहिल्या खर्ड्यात नागपूर करार मणका होता. तो आता पार्श्वभूमीला.

काल अकोली जहागीरला पाच वर्षं झाली. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यातल्या या गावात संघटनेने मान्यता नसलेलं एचटीबीटी कापूस बियाणं उघडपणे पेरलं. तेव्हा पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद होती. तेव्हाची जाहीर दृश्यं वापरायची. आज कोण काय पेरतो याचं चित्रीकरण करायचं नाही : शेत ओळखू येतं, सातबारा निघतो, आणि माहितीपट पुरावा होऊन बसतो. चेहरा धूसर करून उपयोग नाही, विहीर आणि धुरा गाव ओळखतं.

तांत्रिक बाजू एका वाक्यात सांगता यायला हवी : बीटी बोंडअळीसाठी, एचटी तणनाशक सहन करण्यासाठी. मुलाखतीत दोन्ही एकमेकांत मिसळले जातात आणि गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानत नाही हा तिसरा मुद्दा त्यात घुसतो. तिथे चित्र थांबवून पाटी.

२८ जून

लिप्यंतर आणि उपशीर्षकं. वऱ्हाडीला मराठी उपशीर्षकं द्यायची का यावर वाद झाला. दिली तर ‘ही वेगळी भाषा’ असा अर्थ निघतो, जो काही विदर्भवाद्यांना आवडेल आणि काहींना अजिबात नाही. ठरलं ते असं : वऱ्हाडीला उपशीर्षक नाही, झाडी बोलीतली जी वाक्यं कोल्हापुरात कळणार नाहीत तेवढ्यांनाच. इंग्रजी उपशीर्षकं पूर्ण लांबीची, स्वतंत्र फाइल.

लिप्यंतर मात्र जसंच्या तसं. ‘डोया’ला ‘डोळा’ करायचं नाही, ‘जाऊन रायला’ला ‘जात आहे’ करायचं नाही. यंत्राने केलेलं लिप्यंतर हे सगळं गुपचूप प्रमाण करून टाकतं आणि मग शोधताना वाक्य सापडत नाही. पहिला खर्डा यंत्राचा चालेल, दुसरा हात त्या पट्ट्यातल्या माणसाचा.

उपशीर्षकाच्या दोन ओळी, ओळीला ३५ अक्षरांपर्यंत, कमीत कमी दीड सेकंद. फाइल यूटीएफ-८. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपीचं सेटिंग चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि ‘र्‍य’ फुटतो. ‘वऱ्हाड’ हा शब्दच चाचणीसाठी उत्तम. तो नीट उमटला की बाकी सगळं उमटतं.

४ जुलै

१ जुलैपासून भारतीय न्याय संहिता. अब्रुनुकसानी कलम ३५६, गटागटांत वैर वाढवणं कलम १९६. वकिलाकडे द्यायच्या यादीत प्रत्येक आरोपाची वेळ, बोलणारा, आधाराचा कागद, आणि ज्याच्यावर आरोप त्याला बोलायची संधी दिल्याची तारीख असे चार रकाने. जातीवरून किंवा धर्मावरून गेलेली दोन विधानं बाहेर काढली. ती कायद्याच्या भीतीने नव्हे, विषयाच्या बाहेरची म्हणून. बंडखोर उजवा म्हटला की तो मुख्य प्रवाहापेक्षा जहालच असणार, अशी प्रेक्षकाची तयारी असते. काही तसे असतातही. पण या माहितीपटाचा प्रश्न राज्य आणि बाजार आहे.

३० जुलै

कागदी संकलन. भिंतीवर चिठ्ठ्या : पिवळ्या मुलाखती, पांढरे कागदपत्र, हिरवी दृश्यं. सलग दोनपेक्षा जास्त पिवळ्या आल्या की तिथे माहितीपट बसतो.

रचना अशी ठरते आहे. सुरुवात सीमेवरच्या कापसाने. मग जोशी, चटप, विदर्भाची मागणी. मग नागपूर : भुवनेश्वर ठराव, २०००, वैद्य. त्यानंतर एकात्मतावादी, आणि त्यांना सलग साडेचार मिनिटं. हा भाग कापायचा मोह प्रत्येक आवृत्तीत होणार आहे, कारण बाकी सगळे त्यांच्या विरुद्ध आहेत. तो कापला तर हा विदर्भाच्या प्रचाराचा माहितीपट होतो. मग श्रीहरी अणे : राज्याचे महाधिवक्ता असताना वेगळ्या राज्यांची बाजू घेतली आणि मार्च २०१६ मध्ये राजीनामा. उजव्या सरकारने नेमलेला, विचाराने त्या घरातला नसलेला. म्हणून भागाच्या शेवटी, स्वतंत्र. शेवटी परत गेलेले आणि न गेलेले.

संगीत नाही. विदर्भावर काही केलं की पाठीमागे खंजिरी किंवा उदास बासरी लावायची सवय पडली आहे. खंजिरी सत्यपाल महाराजांच्या कीर्तनात शोभते. इथे जिनिंग, रेल्वे आणि सभेचा भोंगा पुरे.

५ सप्टेंबर

परवा नागपूरची मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत (मोठे स्त्री-पुतळे) मिरवणुकीने निघते, सोबत बडगे (टीकेसाठी केलेले पुतळे). वर्षभराचं राजकारण बडग्यांवर लिहिलेलं असतं. महागाईपासून अतिरेक्यांपर्यंत कोणालाही सोडत नाहीत. ‘घेऊन जा गे मारबत’ या आरोळीत कुठल्या पक्षाची पीडा जाते हे दरवर्षी बदलतं. स्थानिक राजकीय टीका इतक्या मोकळेपणाने नागपुरात दुसऱ्या कुठल्याही दिवशी होत नाही.

पुढच्या चित्रीकरणासाठी : गर्दीत ट्रायपॉड उभा राहत नाही, मोनोपॉड आणि रुंद भिंग. मोक्याच्या घराची गच्ची आदल्या दिवशी ठरवायची. ढोल आणि डीजे यामुळे आवाज कापला जातो. दुसरा ट्रॅक २० डेसिबल खाली ठेवून समांतर नोंदवायचा, वरचा फाटला की खालचा कामी येतो. बडग्यावरचा मजकूर वाचता येईल इतकी, किमान चार सेकंद स्थिर चौकट. नुसती रंगीत दृश्यं खूप जमतात आणि वाचता येणारी एकही नसते. महाल भागातल्या संघ मुख्यालयाच्या बाजूला लेखी परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नाही.

मारबतीचा तुकडा माहितीपटात दीड मिनिटाचा. नागपूर भागाच्या आधी.

२७ सप्टेंबर

मिश्रण. दूरचित्रवाणीसाठी उणे २३ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप), वेबसाठी वेगळी, अधिक उंच प्रत. तालुक्याच्या सभागृहात मात्र हे सगळं निरुपयोगी : तिथे दोन भोंगे, मागे पत्रा, आणि एकच वाहिनी. म्हणून अंतिम मिश्रण मोनोमध्ये ऐकायचं, लहान स्पीकरवर. ज्या वाक्यात जिनिंगचा आवाज खाली सुरू आहे ती वाक्यं तिथेच बुडतात. आवाज सहा डेसिबल खाली.

चित्रपटगृहासाठी डीसीपी, म्हणजे तिथल्या यंत्रावर चालणारी डिजिटल प्रत. २५ फ्रेमची डीसीपी बऱ्याच नव्या यंत्रांवर चालते, जुन्या काहींवर अडते. २४ वर उतरवली तर लांबी चार टक्क्यांनी वाढते आणि आवाज किंचित जड होतो. त्याची सुरावट दुरुस्त करून घ्यायची. दोन्ही प्रती ठेवल्या. कच्चं साहित्य तीन हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या गावी.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता. मतदान २० नोव्हेंबर, निकाल २३ ला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत निवडणुकीशी संबंधित मजकूर चित्रपटाद्वारे दाखवता येत नाही. आपला मजकूर निवडणुकीचा नाही असा वाद घालता येईल, पण चित्रपटात दिसणारे काही चेहरे उमेदवार आहेत. निकालानंतरच दाखवायचा.

प्रमाणपत्राचा अर्ज ई-सिनेप्रमाण संकेतस्थळावर. नव्या नियमांनुसार यूएचे तीन गट आहेत : ७+, १३+, १६+. संवादांची पूर्ण संहिता लागते, बोलीसकट. ‘वऱ्हाडी संवाद’ एवढं लिहून चालत नाही. कागदपत्रांच्या हक्कांची यादी सोबत जोडली. अपिलासाठीचं न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झालं. कापाकापी मान्य नसेल तर आता थेट उच्च न्यायालय, म्हणजे वेळ आणि पैसा. म्हणून वादग्रस्त प्रत्येक वाक्याला पर्यायी संकलन आधीच तयार.

३० नोव्हेंबर

तालुक्याच्या ठिकाणी दाखवताना आलेल्या प्रतिक्रियांतून कामाच्या तेवढ्या. एकात्मतावादी भागावर सभागृहात कुजबुज होते, पण लोक उठत नाहीत. लांबी तशीच राहणार. १८६ विरुद्ध १ ही पाटी तीन सेकंदांत निघून जाते, ती पाच करायची. राज्य चालणार कशावर या प्रश्नावर प्रत्येक ठिकाणी चर्चा तापते आणि माहितीपटात त्यावर आकडा नाही. पगार-निवृत्तिवेतनाचा विभागवार तपशील अर्थसंकल्पाच्या कागदांतून काढता येतो का ते जानेवारीत बघायचं. काढता आला तर एक पाटी, नाही तर प्रश्न तसाच उघडा.

आशिष देशमुखांची पाटी बदलायची : सावनेरमधून भाजपचे आमदार म्हणून निवडून, नोव्हेंबर २०२४. इंग्रजी उपशीर्षकांत हेच दोन ठिकाणी. नवी प्रत काढताना फाइलच्या नावात तारीख, ‘अंतिम’ हा शब्द नको.